पांगाऱ्यामागच्या तारा

फुलाचा जवळून घेतलेला फोटो दोनदा घडतो. एकदा झाडापाशी, आणि नंतर घरी पडद्यासमोर, जेव्हा त्याच्या कडा कातरल्या जातात, उजेड कमीजास्त होतो आणि रंग जागेवर आणला जातो. झाडापाशी घाई असते. वारा थांबत नाही, ऊन चढत असते, मधमाशी एका फुलावर बसून राहत नाही. पडद्यासमोर मात्र सवड असते, आणि चांगल्या फोटोंचे बरेचसे नुकसान त्या सवडीतच होते.

चिपळूणहून कऱ्हाडकडे जाणारा रस्ता कुंभार्ली घाट चढू लागतो, त्या पायथ्याशी पोफळी आहे. वर कोयनेचे खोरे आणि अभयारण्य, खाली वाशिष्ठी. कॅमेरे घेऊन माणसे सह्याद्रीत येतात ती बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस, सड्यावरच्या फुलांसाठी. झाडांच्या फुलांचा हंगाम वेगळा. तो माघातच सुरू होतो. आधी काटेसावर, शिमग्याच्या आगेमागे पांगारा, अधूनमधून एखादा पळस. मग उतारावर धायटी आणि करवंद, दुसऱ्या झाडांवर चढलेली उक्षी, घाटात वरच्या अंगाला अंजन, आणि चैत्र उलटताना बहावा. यांतली पहिली तीन झाडे पाने गाळून फुलतात. निष्पर्ण फांदी, तिच्यावर थेट लाल फूल आणि मागे नुसते आकाश ही वसंताची खूण कोकणातल्या माणसाला दुरूनही कळते. जवळून घेतलेल्या फोटोत नेमकी तीच गळते. फूल चौकटभर मोठे झाले की फांदी दिसत नाही, फांदी नाही म्हणजे पाने नसल्याचे दिसत नाही, आणि मग तो पांगारा फाल्गुनातला आहे हे फोटोला सांगता येत नाही. वसंतातल्या फुलांचे फोटो कातरताना मुख्य अडचण ही आहे. बाकीच्या तंत्राच्या.

या अडचणीला उंचीची जोड मिळते. धायटी, करवंद आणि पुष्कळदा अंजनही हाताच्या टप्प्यात असते; तिथे मॅक्रो भिंग वापरता येते, म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा संवेदकावर पाडता येते. सावर आणि पांगारा पार वर फुलतात. त्यांच्यापर्यंत भिंग पोचत नाही, म्हणून लांबून फोटो घेऊन मधला तुकडा ठेवायचा, हाच उपाय उरतो. कातरणे हे अशा वेळी भिंगाचे काम करते, पण फुकट नाही. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत ६००० बाय ४००० ठिपके असतात. लांबी-रुंदी निम्मी केली की ३००० बाय २००० उरतात, म्हणजे एकूण ठिपक्यांचा चौथा हिस्सा. मासिकाच्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात असे धरले, तर मूळ फोटो वीस इंच रुंद छापता आला असता, निम्मा केलेला दहा इंच. तिसऱ्या हिश्श्यावर आणला तर पोस्टकार्डाएवढा. मोबाईलच्या पडद्यावर यातले काहीच जाणवत नाही, आणि त्यामुळेच निर्दयपणे कातरण्याची सवय लागते. छापायची वेळ आली की परागकोशांच्या जागी चौकोनी ठिपके दिसतात.

लांबून घेऊन कातरण्यात एक फायदाही आहे, आणि तो पुरेसा ध्यानात घेतला जात नाही. जवळ जावे तशी स्पष्टतेची खोली आटत जाते. वस्तूएवढीच प्रतिमा पाडताना, पूर्ण आकाराच्या संवेदकावर, एफ-८ इतके छिद्र ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर खोलीपुरते चित्र स्पष्ट येते. धायटीचे फूल याहून कितीतरी खोल असते. पुंकेसरांची टोके स्पष्ट धरली तर नळीचा तळ धूसर, तळ धरला तर टोके गेली. छिद्र आणखी लहान केले तर प्रकाशाच्या विवर्तनाने सगळेच मऊ पडू लागते, कारण एवढ्या जवळून एफ-११ चे छिद्र प्रत्यक्षात एफ-२२ सारखे वागते. दोन पावले मागे सरकून फोटो घेतला आणि नंतर कातरला, तर ठिपके कमी मिळतात, पण फूल अधिक खोलवर स्पष्ट येते. दुसरा मार्ग स्पष्टतेची पातळी थोडी थोडी सरकवत अनेक फोटो घ्यायचे आणि ते संगणकावर एकमेकांवर रचायचे. पण सकाळी आठनंतर वारा सुटतो आणि अंजनाची डहाळी कोणत्याही दोन फोटोंत एका जागी राहत नाही. रचलेल्या फोटोत मग एका परागकोशाचे दोन होतात. वनस्पतिशास्त्रात पुंकेसर मोजून जात ओळखतात, त्यामुळे ही चूक दिसायला लहान असली तरी परिणामाने लहान नसते.

कातरीची रेघ कुठे मारायची याचे पुस्तकी उत्तर तिसऱ्या भागाच्या नियमाने सुरू होते. हा नियम छायाचित्रणाहून जुना आहे. इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ साली निसर्गदृश्यांवरच्या पुस्तकात तो सांगितला, आणि तोही जमीन-आकाशाच्या, उजेड-अंधाराच्या वाटणीसाठी. फुलाच्या बाबतीत फुलाची स्वतःची रचना अधिक विश्वासाची. करवंदाच्या पांढऱ्या फुलाला पाच पाकळ्या असतात आणि त्या एकाच दिशेने किंचित वळलेल्या असतात. ते समोरून घेतले तर चौरस चौकटीच्या मधोमधच शोभते. तिसऱ्या भागावर सरकवले की ते कुठे तरी निघाल्यासारखे दिसते. पांगाऱ्याचे फूल समोरून पाहायचे नसते. त्याला पुढचे-मागचे अंग आहे, मोठी पाकळी मागे वळते आणि पुंकेसर बाहेर झेपावतात. ते बाजूने घ्यावे आणि पुंकेसरांच्या समोर मोकळी जागा ठेवावी. चौकटीचे ३:२ हे प्रमाण फुलांनी निवडलेले नाही. ते ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फिल्मचे, लायका कॅमेऱ्याचे, आणि त्यामागच्या ऑस्कर बार्नाक यांच्या निर्णयाचे आहे. फोटो त्या मापात जन्मला म्हणून त्याच मापात राहिला पाहिजे असे कोणी म्हणत नाही, तरी बहुतेक फोटो तसेच राहतात.

बहाव्याचा घोस हातभर लांब लोंबतो. त्याला आडव्या चौकटीत बसवणे म्हणजे घोसाचे तीनतेरा करणे; उभी, अरुंद चौकटच हवी. एकच फूल घ्यायचे तर आणखी जपावे लागते. बहाव्याच्या दहा पुंकेसरांत तीन लांब आणि कमानीसारखे वाकलेले असतात, बाकीचे आखूड. फुलाच्या मध्यावर नजर ठेवून कडा ओढल्या की त्या तीन लांब पुंकेसरांची टोके हमखास कापली जातात आणि उरलेले फूल कुठल्याही पिवळ्या फुलासारखे दिसू लागते. उक्षीचे उलटे आहे. तिच्या फुलाला पाकळ्याच नसतात. हिरवट पांढरी पाच निदले आणि दहा पुंकेसर. एक फूल मोठे करून दाखवले तर ते बिचारे काही तरी राहून गेल्यासारखे दिसते. उक्षीची शोभा अख्ख्या वेलीच्या फुलोऱ्यात आहे, म्हणून तिथे कातरी शक्यतो चालवू नये, किंवा दोन वेगळे फोटो ठेवावेत. कोकणात इतरत्र सुरंगी फुलते तिची अडचण निराळी: तिची फुले कोवळ्या डहाळीवर नव्हे, जून फांदीच्या गाठींवर दाटून येतात. फांदीची खरबरीत साल कातरून टाकली की पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळ्या केसरांचा गुच्छ उरतो, पण ते सुरंगीचे झाड कसे फुलते हे कळायचे राहते.

ओळख पटवणारा भाग बहुधा सुंदर भाग नसतो. पांगाऱ्याच्या जाती वेगळ्या करताना लाल पाकळीचा फारसा उपयोग नाही, तिच्या खालचा निदलपुंज पाहावा लागतो. काहींत तो एका बाजूने उभा चिरत जातो, तर एकात त्याला दोन ओठ असतात. फोटो कातरणारा हात नेमका तिथेच, पाकळीच्या बुडाशी, रेघ मारतो, कारण तिथला तपकिरी रंग लालाच्या शोभेत खुपतो. पळसाच्या बाबतीतही हेच होते. काळपट मखमली निदलपुंजावर केशरी पाकळी बसलेली असते आणि त्या काळ्यामुळेच केशरी पेटते. बूड कापले की पेटणे थांबते. इथे शास्त्र आणि शोभा दोन्ही एकाच बाजूला आहेत, आणि कातरी तिसऱ्या.

पोफळीला आणखी एक गोष्ट आहे. कोयना प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांचे वीजगृह इथे डोंगराच्या पोटात आहे आणि १९६२ पासून तिथली वीज तारांवरून बाहेर जाते. वीजगृह दिसत नाही, पण मनोरे आणि तारा दिसतात. गावाच्या आसपास निष्पर्ण पांगारा आकाशाच्या पार्श्वभूमीवर घ्यायला जावे तर चौकटीत कुठून तरी तार येते. कातरून ती काढता येते, फुलाला अधिक जवळ आणून. पुसूनही काढता येते, कारण सध्याच्या सॉफ्टवेअरला निळ्या आकाशातली तार पुसायला क्षण पुरतो. या दोन गोष्टी सारख्या नाहीत. कातरणारा सांगतो की याहून पलीकडचे दाखवलेले नाही. पुसणारा सांगतो की पलीकडे काही नव्हते. वृत्तछायाचित्रणात पहिली गोष्ट चालते आणि दुसरी चालत नाही, ती याच कारणाने. फुलांच्या फोटोला एवढा कडक नियम लावायची गरज नाही, दिवाणखान्यातल्या भिंतीवरचे चित्र काही पुरावा नसतो. पण पोफळीचा पांगारा म्हणून दाखवायचा असेल तर तार राहू देणेच बरे. साठ वर्षे तारेखाली फुलणारे झाड हे या गावचे झाड आहे. तारा नसलेले पांगारे उभ्या कोकणात सापडतील.

कातरण्याला मुळातूनच विरोध करणारेही होते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ फोटो पूर्ण चौकटीतच छापावा याबद्दल आग्रही असत. मात्र पॅरिसच्या सेंट लाझार स्थानकामागे १९३२ मध्ये त्यांनी टिपलेली, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाची प्रसिद्ध प्रतिमा कातरलेली आहे. कुंपणाच्या फटीतून घेतल्यामुळे एक बाजू वाया गेली होती. फुलांच्या बाबतीत अधिक बोलके उदाहरण जर्मनीच्या कार्ल ब्लॉसफेल्ट यांचे आहे. बर्लिनमध्ये कला शिकवणारे ब्लॉसफेल्ट कोंब, कळ्या आणि देठ कित्येक पट मोठे करून टिपत, आणि १९२८ साली त्यांचे वनस्पतिरूपांचे पुस्तक निघाल्यावर जगभर नाव झाले. ते फोटो कातरण्याआधी झाडच कातरत: नको ती पाने काढून, देठ सरळ करून, साध्या पार्श्वभूमीपुढे मांडून. कामाचा हेतू विद्यार्थ्यांना आकार शिकवण्याचा होता, त्यामुळे ते त्यांच्यापुरते रास्तही होते. आज अभयारण्याच्या हद्दीत असे करणे वन्यजीव संरक्षण कायद्यात बसणार नाही. हद्दीबाहेरही मोहोर ओरबाडून पार्श्वभूमी स्वच्छ करणारी माणसे दिसतात, तेव्हा पडद्यावरची कातरी फार सज्जन वाटू लागते.

रंगाचे काम कातरण्याहून अवघड आहे, आणि लाल फुलांत सर्वांत अवघड. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा अशा तीन वाटांनी रंग नोंदवतो. आठ बिटांच्या साध्या फोटोत प्रत्येक वाटेला ० ते २५५ एवढ्या पायऱ्या असतात. पांगाऱ्याची पाकळी उन्हात लालाच्या वाटेवर २५५ ला जाऊन थडकते आणि हिरवा-निळा तळाशी राहतात. तिन्ही मिळून काढलेला आलेख व्यवस्थित दिसतो, मागच्या पडद्यावर फोटो चांगला वाटतो, पण पाकळीवरच्या शिरा, सुरकुत्या, कडेची छटा सगळे एकाच सपाट लालात बुडालेले असते. वर संतृप्तता वाढवली, किंवा मोबाईलने ती आपणहून वाढवली, की फूल प्लॅस्टिकचे होते. गेलेल्या शिरा नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. म्हणून लाल फुलांचा फोटो मुळात थोडा काळोखा घ्यावा, अर्धा किंवा दोन-तृतीयांश स्टॉप कमी, आणि आलेख लाल वाटेपुरता वेगळा पाहावा. कच्च्या स्वरूपातल्या, म्हणजे रॉ, फायलीत १४ बिटांच्या १६,३८४ पायऱ्या असतात. तिच्यात सावरून घ्यायला जागा असते. संपादन करताना लालाची संतृप्तता वाढवण्याऐवजी त्याचा उजेड थोडा खाली आणला तर शिरा वर येतात. पांगारा तरीही लालच राहतो. त्याला मदतीची गरज कधीच नव्हती.

अंजनाचा निळा-जांभळा याच्या अगदी उलट वागतो. फिल्मच्या काळात काही निळी फुले फोटोत गुलाबीसर येत, कारण ती डोळ्याला न दिसणारा अतिदीर्घ लाल आणि अवरक्त प्रकाशही परावर्तित करतात आणि फिल्मला तो जाणवे. एजरेटम नावाच्या बागेतल्या फुलावरून या दोषाला नाव पडले. आताच्या संवेदकांवर अवरक्त अडवणारी काच असते, त्यामुळे दोष बराच कमी झाला आहे, तरी जांभळ्याची छटा कॅमेऱ्यागणिक बदलते. त्यात घाटातला उजेड भर घालतो. दाट झाडीखाली सावलीला हिरवट झाक येते, उघड्या सावलीत आकाशाची निळसर. आणि जांभ्या मातीचा उतार समोर असेल तर फुलाच्या खालच्या अंगावर तांबूस उजेड पडतो. करवंदाच्या पांढऱ्या पाकळीवर हे तिन्ही एकाच वेळी दिसू शकतात. एक करडे कार्ड फुलाशेजारी धरून पहिला फोटो घेतला तर नंतर पांढऱ्याचा तोल साधणे सोपे जाते. पण तो तोल किती साधायचा हा निर्णय यंत्राचा नाही. जांभ्यावरून आलेली तांबूस झाक पूर्ण काढून टाकली तर पाकळी शुद्ध पांढरी होते, आणि कोकणातली राहत नाही. थोडी ठेवावी.

दुपारच्या उन्हात पांढरी फुले टिपू नयेत हे खरे; पण रानात वेळ निवडण्याची चैन नेहमी नसते. अशा वेळी उन्हावर एखादा पांढरा पंचा ताणून धरला तर संपादनातले पुष्कळ काम वाचते.

मग साफसफाई. फाल्गुन-चैत्रात घाटरस्त्यावर मालमोटारींची धूळ उडते आणि कडेच्या धायटीवर लाल थर बसतो. शिवाय याच दिवसांत भाताचे राब भाजतात. त्या धुराने दूरचे डोंगर पुसट होतात आणि फोटोत राखाडी पडदा येतो. धूर सॉफ्टवेअरने कमी करता येतो, पण बटण जरा जास्त ओढले की आकाशाला काळपट कडा दिसतात. फुलावरचा धुळीचा एखादा कण पुसण्यात कोणाचे काही बिघडत नाही. संवेदकावरच्या धुळीने पडलेले काळे डाग तर पुसायलाच हवेत, ते फुलाचे नाहीतच. पाकळीला पडलेले भोक, अळीने खाल्लेली कड, केसरांत शिरलेली मुंगी मात्र फुलाच्या दिवसाचा भाग आहे. सावरीचे फूल खाली पडलेले असते तेव्हा त्याच्या जाड पाकळ्यांवर चोची मारल्याच्या खुणा दिसतात. मधासाठी आलेल्या पक्ष्यांचा हा एकच पुरावा हाती लागतो. गुळगुळीत पाकळीसाठी तो पुसणारे संपादन फोटोतली निम्मी गोष्ट पुसते. आणि पडलेले फूल फांदीवर असल्याचा भास होईल असे कातरणे ही तर सरळ फसवणूक. सावरीची फुले अखंड गळून पडतात, त्यामुळे हा मोह वारंवार होतो. पडलेले फूल पडलेले दिसू द्यावे, खालच्या पाचोळ्यासकट.

सॉफ्टवेअर कोणते, याला फारसे महत्त्व नाही. फोटोशॉप १९९० पासून आहे, मोबाईलवर स्नॅपसीड फुकट मिळते, संगणकासाठी डार्कटेबल आणि गिंप मोफत आहेत. वरचे सगळे यांतल्या कशानेही होते. क्रमाला मात्र महत्त्व आहे. आधी पांढऱ्याचा तोल आणि उजेड, मग कातरणे, मग रंगाची किरकोळ डागडुजी, आणि धार लावणे सर्वांत शेवटी, फोटो ज्या मापात वापरायचा त्या मापाला आणल्यावर. आधी धार लावून मग आकार लहान केला तर कडांना पांढऱ्या रेघा उमटतात; अंजनाच्या बारीक केसरांवर त्या फार दिसतात. जेपीईजी फाईल पुन्हा पुन्हा उघडून जतन केली की दर वेळी थोडी झिजते, म्हणून मूळ फाईल जशीच्या तशी ठेवून प्रतीवर काम करावे.

मूळ ठेवण्याला दुसरेही कारण आहे. प्रत्येक फाईलमध्ये फोटोची तारीख आणि वेळ असते, मोबाईलच्या फाईलमध्ये बहुधा ठिकाणही. एखाद्या दुर्मीळ ऑर्किडचा फोटो सगळ्यांना दाखवताना ते ठिकाण काढून टाकावे, कारण खणून नेणारेही फोटो पाहतात. पांगाऱ्या-सावरीला तशी भीती नाही. त्यांचा एक फोटो फुलाचा, एक निदलपुंज आणि देठाचा, आणि एक अख्ख्या झाडाचा, न कातरलेला, असे तीन ठेवले तर सह्याद्रीच्या फुलांवरची ओळखपुस्तके घेऊन बसणाऱ्याला नाव लावता येते. त्याच झाडाचे असे फोटो वर्षानुवर्षे तारखेने लावून ठेवले, तर पहिली कळी शिमग्याच्या आधी किती दिवस उमलली, पाने केव्हा गळाली आणि नवी पालवी केव्हा आली, हे पुढच्या वर्षाशी ताडून पाहता येते. त्यासाठी कातरलेले फूल उपयोगाचे नाही. अख्खे झाड लागते, मागच्या तारांसकट.